तुडुम कधी उघडायचं? – आमच्या गावचा मामा तलाव

बांधीवाला | १८ मे, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसता वाचत आलोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. नोकरी पुण्यात, घर गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात. सध्या गावी आहे आणि ओसरीच्या टोकाला बसून टंकतोय, कारण रेंज तेवढीच येते. चुका सांभाळून घ्या.

गावाचं नाव लिहीत नाही. भांडण चालू आहे आणि गावातले दोघं-तिघं इथले सभासद आहेत. नवेगावबांध ज्यांनी पाहिलाय त्यांना आमच्या तलावाचा अंदाज येईल. तसाच, डोंगरांच्या मधल्या फटीत पाळ घालून अडवलेला. त्याच्याहून बराच लहान आहे, तरी पाळीवरून बघितलं तर पलीकडच्या काठावर म्हैस आहे एवढं दिसतं, कोणाची आहे ते ओळखू येत नाही.

सरकारी कागदात याला 'मामा तलाव' म्हणतात. मामा म्हणजे माजी मालगुजारी; मालगुजार म्हणजे गावाचा जमीनदार. मालगुजारी १९५० च्या कायद्याने गेली, तलाव सरकारजमा झाले. लहान तलाव जिल्हा परिषदेकडे, मोठे पाटबंधारे खात्याकडे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली धरून असे सहा हजारांवर तलाव आहेत. आता परिस्थिती अशी की मालकी सरकारची, मासळीचा ठेका ढिवरांच्या (मासेमार समाजाच्या) सोसायटीचा, पाणी शेतकऱ्यांचं आणि गाळ ज्याचा ट्रॅक्टर त्याचा.

तुडुम म्हणजे तलावातून नहरात पाणी सोडायची दगडी मोरी. पूर्वी तिला वेगवेगळ्या उंचीवर भोकं असायची आणि लाकडी खुंट्या. वरची खुंटी काढली की वरचं पाणी जायचं, खालचं राहायचं. आता लोखंडी गेट आहे. गेट गंजलंय, पूर्ण बसत नाही. दर हिवाळ्यात ढिवर मंडळी पोत्यात तणीस (धानाचा पेंढा) भरून ते बुजवतात. संबंधित कार्यालयात अर्ज दिलेत, त्यांच्या पोचपावत्या माझ्याकडे आहेत.

भांडण नेहमीचंच. तुडुमाखालच्यांना तलाव भरलेला हवा, कारण सप्टेंबरअखेर धान गर्भावर येतो आणि तेव्हाच पाऊस दगा देतो. एक पाणी मिळालं तर पीक, नाही तर तणीस. तलावाच्या पोटात ज्यांनी शेती काढली आहे त्यांना दिवाळीआधी तलाव उतरलेला हवा, म्हणजे लाखोळी-हरभरा पेरता येतो. काहींनी तर उन्हाळी धान घेण्यासाठी डिझेल पंप लावलेत. आणि ढिवरांना मे महिन्यात निदान कमरेइतकं पाणी राहायला हवं, नाही तर पुढच्या वर्षी पिल्लं घालायला मासाच उरत नाही.

तीन वर्षांपूर्वी आम्ही पाळीजवळच्या एका दगडावर खूण मारली. या खुणेच्या खाली पाणी गेलं की तुडुम बंद, कोणीही येऊ दे. त्याच वर्षीपासून तलावातली बेशरम काढायला घेतली, पाणवनस्पती लावल्या. काम चांगलं चाललंय.

आता यंदा गाळ काढायचं घाटतंय. मशीन येणार, गाळ शेतात जाणार, तलावाची साठवण वाढणार. अर्धं गाव खूश आहे. ढिवर सोसायटी म्हणते, मशीन नको. ग्रामसभा ८ जूनला आहे. मी मध्ये अडकलोय, कारण दोन्ही बाजूंना माझे काकाच आहेत. गाळ काढताना काय अटी घालाव्यात, कोणाला अनुभव आहे का?

चहाटळ_चिंतू | १८ मे, रात्री १०.०५

मामा तलाव वाचून कौटुंबिक जिव्हाळ्याचा धागा असेल म्हणून उघडला. दोन्ही बाजूंना काका निघाले.

सिव्हिल_वाला | १८ मे, रात्री ११.३०

गाळ काढायला विरोध करू नका, पण 'साठवण वाढणार' हे वाक्य कोणी म्हटलं की कागद-पेन्सिल काढा. एक हेक्टरवरचा एक फूट गाळ म्हणजे साधारण तीन हजार घनमीटर, म्हणजे तीस लाख लिटर. आकडा ऐकायला मोठा वाटतो. पण हेच पाणी एक हेक्टर धानाच्या बांध्यांत सोडलं तर फूटभर उभं राहील, बस्स. मशीन दहा दिवस येणार असेल तर किती हेक्टर होणार ते आधी मोजा.

'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना २०१७ साली आली, त्यात मी दोन तालुक्यांत काम पाहिलंय. दोन चुका सगळीकडे होतात. एक म्हणजे पाळीच्या पायथ्याशी खणतात, कारण तिथे ट्रॅक्टर उभा करायला सोपं. तिथली चिकणमाती म्हणजे पाळीचं अंथरूण. ती उचलली की पाळीखालून पाणी झिरपायला वाट मिळते, आणि जुनी मातीची पाळ अशीच आतून पोखरून जाते. दुसरी चूक खड्ड्याची. चालकाला एकाच जागी उभं राहून खोल जायला बरं पडतं. गाळ संपून मुरूम लागला तरी तो थांबत नाही. मुरमाला गिऱ्हाईक रस्तेवाला असतो, शेतकरी नव्हे. आणि मुरूम उघडा पडला की तळ गळायला लागतो.

थर काढा, खड्डा नको. पाळीपासून भरपूर अंतर सोडा. उतार जसा आहे तसाच ठेवा. आणि गाळाच्या खेपा मोजायला गावातला माणूस बसवा, वही घेऊन.

बांधीवाला | १९ मे, सकाळी ७.१५

@सिव्हिल_वाला, फार उपयोगी. वहीचं पक्कं करतो.

पाणकोंबडी | १९ मे, दुपारी २.२०

बांधीवाला दादा, मी त्याच गावची. ओळखलं असेलच.

तुम्ही लिहिलंत 'आम्ही बेशरम काढायला घेतली'. तीन वर्षांत तुम्ही त्या कामाला किती दिवस होतात? मी मोजले आहेत, सांगत नाही. माझी आई होती सगळे दिवस. तिच्याकडून ऐकून लिहिते.

बेशरम ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी: जांभळट फुलांचं, पोकळ काड्यांचं झुडूप. आमच्याकडे कुंपणाला लावायचे, तिथून तलावात शिरलं. गुरं तोंड लावत नाहीत, विषारी आहे. कापून टाकलं तर कापलेल्या प्रत्येक काडीतून नवीन फुटतं, म्हणून तर नाव बेशरम. पहिल्या वर्षी बायांनी विळ्याने कापून तिथेच चिखलात टाकली. पावसाळ्यानंतर पाहिलं तर दुप्पट. दुसऱ्या वर्षीपासून मुळासकट खणून, डोक्यावर वाहून पाळीपलीकडे नेली, वाळू दिली, मग जाळली. मे महिन्यात, सकाळी सहा ते दहा. चिकाने हाताला खाज, आणि चिखलात पाय टाकला की जळवा. आई तंबाखूची पुडी कमरेला बांधून जायची, स्वतःसाठी नाही, जळवांसाठी.

लावणीचं काम त्याहून नाजूक. मृगाच्या आधी तलावाच्या कोरड्या पडलेल्या काठाचा तुकडा नांगरून घ्यायचा. शेजारच्या गावच्या तलावात अजून चांगल्या वनस्पती आहेत, तिथून उपटून ओल्या पोत्यात आणायच्या. घोट्याएवढं पाणी साचलं की रोवणी करतात तशीच लावायची, वाकून, ओळीने. फक्त धानाच्या जागी हे. काठाला देवधान, थोडं आत पाण्यावर पानं पसरणारी कुमुदिनीसारखी, आणि त्याहून आत पाण्याखालचं रिबिनीसारखं गवत. कोणती कुठे लागते हे आईला आणि तिच्या काकांना माहीत. आम्ही शिकलेल्यांनी वहीत उतरवून घेतलं.

आणि हे काही आमच्या एकट्या गावाच्या डोक्यातून निघालेलं नाही. आमच्या भागात मनीष राजनकर आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवरांसोबत बसून कोणता मासा कोणत्या वनस्पतीत अंडी घालतो, काय खातो, याच्या नोंदी केल्या. त्यांचं काम बघून आमच्या बाया म्हणाल्या, "हे तं आपल्याले माहीतच होतं, करून कोण पाहिलं?"

मशीनला विरोध का, ते आता कळलं असेल. तीन वर्षं बायांनी ज्या काठावर रोवणी केली तोच काठ मशीन उतरायला सोपा आहे.

बांधीवाला | १९ मे, दुपारी ३.०२

ताई, मान्य. 'आम्ही' हा शब्द चुकला. मी पहिल्या वर्षी चार दिवस होतो आणि त्यातला एक दिवस फोटो काढण्यात गेला.

पाणकोंबडी | १९ मे, दुपारी ३.०९

तीन दिवस होतात. असो.

मत्स्यगंधा_अलिबाग | १९ मे, रात्री ८.४५

भोळा प्रश्न. वनस्पती वाढल्या तर जाळं टाकायला त्रास होत नाही का? आमच्याकडच्या तळ्यांत मत्स्यशेती करणारे तर तण काढण्यासाठी गवत्या मासा सोडतात.

पाणकोंबडी | १९ मे, रात्री ९.३०

ताई, तिथेच सगळी गोम आहे. ठेका घेतला की रोहू, कटला, मृगळ यांची बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) विकत आणून सोडायची, असं सोसायट्यांना शिकवलं गेलं. हे मासे नदीतले. थांबलेल्या पाण्यात ते वाढतात, पण पिल्लं घालत नाहीत. म्हणजे बोटुकलीचा खर्च दर वर्षी. आणि गवत्या सोडला की तो पाण्यातली हिरवळ फस्त करतो.

आमचे गावठी मासे, मरळ, मांगूर, शिंगी, छोटे चमचमणारे, हे इथेच जन्मतात. त्यांना आडोसा लागतो. आणि बाजारात मरळीचा भाव रोहूच्या वर असतो, हे तुम्हाला सांगायला नको.

मागच्या वर्षी ऑगस्टमध्ये मी स्वतः पाहिलं. लावणीच्या पट्ट्यात पाण्यावर केशरी झुबका हलत होता, मूठभर झेंडूच्या पाकळ्या कोणी फेकल्यासारखा. मरळीची पिल्लं. खाली नर-मादी राखणीला. झुबका श्वास घ्यायला वर येतो, परत खाली जातो. माझ्या मामाच्या हातात जाळं होतं. त्याने ते खांद्यावर टाकलं आणि डोंगा दुसरीकडे वळवला. आमच्याकडे आता तो कोपरा जुलै-ऑगस्टमध्ये जाळंबंद आहे. कागदावर कुठे नाही, पण पाळतात. बहुतेक जण.

गावकूस | २० मे, सकाळी १०.१०

नवेगावबांधचा उल्लेख आला म्हणून थोडं. तो तलाव कोलू पाटील कोहळी याने बांधला असं मानतात. सात डोंगरांना सात बहिणी म्हणतात, आणि कोलू पाटलाचाच पुढे कोलासूर देव झाला. तलाव बांधणाऱ्याचा देव होतो, अशी गावं महाराष्ट्रात फार नसतील. गोंड राजांच्या काळात जो तलाव बांधेल त्याला त्या पाण्याखाली भिजेल तेवढी जमीन, असा रिवाज होता असं सांगतात. कोहळी समाज तलाव आणि ऊस या दोन्हींत वाकबगार. एका तलावाचा सांडवा दुसऱ्या तलावात, त्याचा तिसऱ्यात, अशा माळा त्यांनी लावल्या. डोंगरावर पडलेला थेंब नदीला पोचायच्या आत चार वेळा अडवला जायचा.

मारुती चितमपल्ली वन अधिकारी म्हणून नवेगावला बरीच वर्षं राहिले, आणि पक्ष्यांची-माशांची नावं, सवयी त्यांनी तिथल्या माणसांकडून गोळा केल्या. जून २०२५ मध्ये ते गेले. पाणकोंबडी ताईंनी वहीत उतरवून घेतलं असं लिहिलं, ते वाचून त्यांची आठवण झाली.

त्या काळी गाव मिळून तलाव सांभाळायचं. मालगुजारी गेली आणि आपलेपणा गेला.

आज्याची_पाटी | २० मे, सकाळी ११.५५

@गावकूस, शेवटच्या दोन वाक्यांवर आक्षेप. 'गाव मिळून' म्हणजे कोण? माझा आजा सांगायचा, पाळीवर माती टाकायला प्रत्येक घरातून माणूस जायचा, आणि मालगुजाराच्या घरातून मोजणारा. वेठ होती ती. नाही गेलं तर पाणी बंद, कधी जोडाही. तलाव उत्तम राखलेले होते हे खरंच, पण ते आपलेपणाने राखलेले होते हे मालगुजाराच्या नातवांनी लिहिलेलं आहे.

आज बाया बेशरम काढतात ती मजुरी घेऊन किंवा आपल्या मासळीसाठी, स्वतः ठरवून. मला हे त्या जुन्या 'गाव मिळून'पेक्षा बरं वाटतं, तलाव तेवढा चांगला नसला तरी.

गावकूस | २० मे, दुपारी १२.३०

मुद्दा बिनतोड आहे. वेठीबद्दल वाचलं होतं, लिहिताना सोयीस्कर विसरलो.

खानदेशी_पाटकरी | २० मे, रात्री ९.००

आमच्या धुळ्याकडे पांझरा नदीवर फड पद्धत होती, काही ठिकाणी अजून आहे. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे फड पाडायचे आणि एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. पाणी द्यायचं काम पाटकऱ्याचं, राखणीला जागले. शेतकऱ्याने स्वतःच्या हाताने बारी फोडायची नाही, हा नियम. पाणी कमी पडलं तर सगळ्यांचं क्षेत्र कमी होतं, एकट्या शेवटच्या माणसाचं नाही.

तुमचा धागा वाचून एक विचारतो. दगडावर खूण केली, छान. खूण बघणारा कोण? तुडुमाची चावी कोणाकडे? ज्याचं शेत तुडुमाला लागून आहे त्याच्याकडे असेल तर खूण दर वर्षी खाली सरकणार, लिहून ठेवा.

बांधीवाला | २० मे, रात्री १०.२०

@खानदेशी_पाटकरी, नेमकं बोट ठेवलंत. चावी माझ्या मोठ्या काकांकडे आहे. शेत कुठे आहे ते तुम्ही ओळखलंतच.

वकीलसाहेब_नागपूर | २१ मे, सकाळी ८.३०

दोन कागद शोधा. एक, निस्तार पत्रक. दुसरा, वाजिब-उल-अर्ज. जुन्या मध्य प्रांतातल्या गावांचे हे दस्त. तलावाचं पाणी, मासळी, गुरांचं पाणी पिणं, चराई यांवर गावाचा वहिवाटीचा हक्क काय हे त्यात नोंदलेलं असतं. तलाठ्याकडे नसेल तर जिल्ह्याच्या अभिलेख कक्षात नक्कल मागा. तुमचा तलाव किंवा त्याचं पाणलोट वनजमिनीत येत असेल तर वनहक्क कायदा २००६ बघा. सामूहिक हक्कांत मासे आणि जलाशयातल्या इतर उपजांचा स्पष्ट उल्लेख आहे. तुमच्या तालुक्यात सामूहिक वनहक्क मिळालेली गावं आहेत, त्यांच्याकडे जाऊन दाव्याची फाइल बघा.

ग्रामसभेत अटींचा ठराव करा आणि इतिवृत्तात शब्दशः घ्या. 'चर्चा होऊन सर्वानुमते ठरले' एवढंच लिहिलं तर काही ठरलं नाही असं समजा.

सारसवेडी | २१ मे, दुपारी ४.१५

सारस कसे आहेत तुमच्याकडे? महाराष्ट्रात सारस उरलेत ते मुख्यतः गोंदिया जिल्ह्यात, तेही पन्नासच्या आत. परसवाडा, झिलमिली भागात मी तीन वर्षांपूर्वी पाहिले. धानाच्या बांधीत मधोमध घरटं, आणि शेतकऱ्याने तेवढा तुकडा रोवणीत सोडून दिलेला. विजेच्या तारांमुळे आणि विषबाधेने सारस मेल्यावर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली होती.

बांधीवाला | २१ मे, संध्याकाळी ६.००

सारस नाहीत आमच्याकडे. अडई बदकं भरपूर येतात, शिट्ट्या मारत. आणि कमळपक्षी आता लावणीच्या पट्ट्यात चालताना दिसतात. पूर्वी मी लक्ष दिलं नव्हतं की होतेच, ते माहीत नाही.

बांधीवाला | ९ जून, रात्री ११.१०

ग्रामसभा झाली. शाळेच्या पटांगणात, चार तास, मध्ये वीज गेली.

ठराव असा: मशीन येईल, पण पश्चिमेच्या बाजूने उतरेल. पूर्वेचा लावणीचा काठ दोरी बांधून वेगळा. फक्त वरचा फूटभर थर काढायचा, मुरूम दिसला की थांबायचं. गाळ आधी हलक्या, भरड जमिनीवाल्यांना. काळ्या जमिनीवाल्यांनी नुसता ढीग मारायला न्यायचा नाही. खेपांची वही. चावी सोसायटीच्या एकाकडे आणि तुडुमाखालच्या शेवटच्या टोकाच्या एका शेतकऱ्याकडे, म्हणजे दोन कुलपं. (खानदेशी दादा, तुमची कृपा. मोठे काका माझ्याशी बोलत नाहीत.)

सिव्हिल_वाला | १० जून, सकाळी ६.५०

दोन कुलपं! हे मी कुठल्याही मॅन्युअलमध्ये वाचलेलं नाही. झकास.

पाणकोंबडी | २० जून, रात्री ८.०५

धागाकर्ते सांगणार नाहीत म्हणून मी सांगते. शेवटच्या रात्री चालकाने पश्चिमेला मोठा खड्डा मारला. वही घेऊन बसलेला पोरगा घरी झोपला होता. सकाळी जाऊन पाहिलं तर कडा उभ्या विहिरीसारख्या, तळाला पिवळा मुरूम. मुरूम कुठे गेला ते कोणालाच माहीत नाही आणि सगळ्यांना माहीत आहे.

सिव्हिल_वाला | २० जून, रात्री ८.४०

पाऊस लागायच्या आत दोन गोष्टी करा. उभ्या कडा फावड्याने तोडून तिरक्या करा, नाही तर पाण्याखाली दिसणार नाहीत आणि गुरं किंवा पोरं त्यात जातील. आणि तळाला तोच चिकण गाळ परत टाकून बैलांनी तुडवून घ्या. पूर्ण बसणार नाही, पण गळती कमी होईल.

बांधीवाला | २४ जून, रात्री ९.३०

केलं. बैल नव्हते, म्हशी घातल्या. म्हशींना काम आवडलं, बाहेर यायला तयार नव्हत्या. या वेळी मी सगळे दिवस होतो, पाणकोंबडी ताई साक्ष देतील.

पाणकोंबडी | २४ जून, रात्री ९.४१

होते. फोटो काढले नाहीत.

चहाटळ_चिंतू | २ ऑक्टोबर, सकाळी ९.२०

धागा वर काढतो. मामांचं पुढे काय झालं?

बांधीवाला | ५ ऑक्टोबर, रात्री १०.५०

पुण्याहून लिहितोय, पण परवाच गावाहून आलोय.

तलाव ऑगस्टअखेर सांडव्याला लागला. मग सप्टेंबरच्या मध्यात पाऊस गेला तो गेलाच. धान गर्भावर. दोन्ही कुलपं उघडून तुडुम सोडलं, पाण्याच्या पाळ्या लावल्या. पहिल्यांदाच टोकाकडून सुरुवात केली, पण नहर जागोजागी फुटका, टोकाला पोचेपर्यंत निम्मं पाणी मधल्यांच्या बांध्यांत. दहाव्या दिवशी पाणी खुणेला टेकलं आणि टोकाच्या बारा-तेरा घरांच्या बांध्या अजून भेगाळलेल्या.

त्या रात्री पाळीवर सगळे जमले. टोकाचे म्हणत होते, खूण तुम्ही मारली, आम्हाला कोणी विचारलं? सोसायटीचे म्हणत होते, एकदा खाली गेलात की दर वर्षी जाल. चावीवाल्या टोकाच्या शेतकऱ्याने स्वतःचं कुलूप उघडलं आणि किल्ली हातात घेऊन नुसता बसून राहिला. दुसरं कुलूप सोसायटीच्या म्हाताऱ्याकडे. त्याने बराच वेळ बिडी ओढली आणि विचारलं, "किती पायजे?"

टोकाचा म्हणाला, "दोन रात्री."

"अन् मे मईन्यात पंप?"

इथे सगळे गप्प. कारण उन्हाळ्यात पंप लावणाऱ्यांत टोकाची तीन घरं आहेत. शेवटी ठरलं ते असं: दोन रात्री पाणी खुणेखाली वीतभर जाईल, आणि टोकाचे पंप या उन्हाळ्यात तलावात उतरणार नाहीत. नहराच्या फुटलेल्या जागा मधल्या बांधीवाल्यांनी कापणीनंतर श्रमाने बुजवायच्या. वकीलसाहेब, इतिवृत्तात शब्दशः घेतलंय, सह्यांसकट. दोन अंगठे आहेत.

पाणी वीतभर नाही, दीड वीत गेलं. गेट बसतच नाही ना पूर्ण. मग पाण्यात उतरून तणसाची पोती कोंबली. त्यात माझे मोठे काका होते. माझ्याशी अजून बोललेले नाहीत, पण पोतं माझ्याच हातात दिलं.

आज्याची_पाटी | ६ ऑक्टोबर, सकाळी ७.३०

पंपवाली इतर घरं? पोटात शेती करणारे? ते त्या रात्री होते का?

बांधीवाला | ६ ऑक्टोबर, सकाळी ८.१०

नव्हते. त्यांचं काहीच ठरलेलं नाही. एकाने काल लाखोळीसाठी काठ साफ करायला घेतला, दोरीला अगदी खेटून.

मत्स्यगंधा_अलिबाग | ६ ऑक्टोबर, सकाळी ११.००

आणि मरळ?

पाणकोंबडी | ६ ऑक्टोबर, रात्री ८.२५

लावणीच्या पट्ट्यात यंदा केशरी झुबके सात दिसले, मागच्या वर्षी तीन होते. मोजणारी मी एकटी, तेव्हा शास्त्रीय वगैरे समजू नका. गंमत म्हणजे एक झुबका पश्चिमेच्या त्या चोरट्या खड्ड्याच्या काठाला होता. तिरक्या केलेल्या कडेवर आपोआप गवत आलंय. आई म्हणते, उन्हाळ्यात सगळं आटलं तर मासे तिथेच जमतील, आणि मासे जमले की जाळीही तिथेच जमतील, म्हणून तो खड्डाही मे महिन्यात जाळंबंद करायला हवा. सोसायटीच्या बैठकीत ती हे मांडणार आहे. बायांना बैठकीत बोलायला सुरुवात करून दोनच वर्षं झालीत, आता थांबत नाहीत.

सारसवेडी | ७ ऑक्टोबर, दुपारी १.४०

डिसेंबरात अडई बघायला यायचं आहे. चालेल का? कसं यायचं?

पाणकोंबडी | ७ ऑक्टोबर, दुपारी २.१५

या. साकोलीपर्यंत नागपूरहून भरपूर गाड्या आहेत, तिथून नवेगावबांधची एसटी धरा. पुढचं फोनवर सांगते, गावाचं नाव अजून लिहायचं नाही म्हणतात. कापणीनंतर आलात तर नहर बुजवायचं काम चालू असेल. जुने कपडे आणा.